तीन सेंटर पारखायला गेलेली वनमाला

अंबाजोगाईच्या बाजारात वनमाला कुठं उभी आहे हे कुणाला विचारावं लागत नसे. गर्दीच्या वर तिचं डोकं दिसायचं. घट्ट बांधलेला अंबाडा, नाकावर जाड काचांचा चष्मा, आणि भाजीवाल्याच्या टोपलीपर्यंत जागेवरूनच पोचणारा हात. सहा फूट उंचीची बाई बीड जिल्ह्यात रोज दिसत नाही. मुलींच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका होती आणि तिच्या हाताखालून गेलेल्या पोरी पोलिसात, रेल्वेत लागल्या होत्या. त्यांच्या आया तिला रस्त्यात थांबवून घरी चहाला ओढून न्यायच्या.

मूळची ती शिरूर कासारकडची. आई गीताबाई आणि बाप दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळा लागल्यावर परत यायचे. बाप उंच, सडपातळ, लांब लांब हातांचा. फडात सगळे त्याला उंट म्हणायचे, पण मोळी उचलायला त्याच्या तोडीचा गडी नव्हता. वनमाला आठवीत असताना एका दुपारी तो डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढत होता. मध्येच थांबला. मोळी खाली टाकली, "पाठीत काहीतरी फाटलं" एवढंच म्हणाला आणि फळीवर बसला. दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं बाहेरचं काही असेल. पुढच्या हंगामाला गीताबाईला त्याच फडावर जायचं होतं, त्यामुळे घरात तो विषय कुणी काढला नाही.

वनमालाला तिच्या उंचीनं तारलं. ती राहायची त्या वसतिगृहाच्या अंगणात लोंबकळणारी तार टाचासुद्धा न उचलता बाजूला करताना एका क्रीडाशिक्षिकेनं तिला पाहिलं आणि सरळ अंबाजोगाईला आणलं. बास्केटबॉल हा शब्दही तिनं तोवर ऐकला नव्हता. तिला सेंटर केलं. सेंटर म्हणजे बास्केटच्या खाली पाय रोवून उभा राहणारा, संघातला सगळ्यात उंच खेळाडू. ती विद्यापीठाकडून खेळली, राज्याकडून खेळली, खेळाच्या जोरावर नोकरीला लागली. लग्नाची मात्र पंचाईत होती. बघायला आलेली मंडळी ती चहा घेऊन उभी राहिली की एकमेकांकडे बघायची. शेवटी बाजार समितीतला कारकून राधाकिशन आला. तो तिच्या खांद्याला लागत होता. माळ्यावरचे डबे काढायला आता स्टूल लागणार नाही, असं म्हणून त्यानं पसंती कळवली. त्यांना एकच मुलगी, वैष्णवी. दहावीत होती, बापापेक्षा वीतभर उंच, आणि जिल्ह्याच्या संघात आईच्याच जागेवर खेळणारी.

धाकटा भाऊ हनुमान तेवढा शिकला नाही. तो आणि त्याची बायको छबुबाई आईबापांच्या वाटेनं ऊसतोडीला जात राहिले.

त्या हिवाळ्यात अमरसिंह दादांचा फोन आला. दादा म्हणजे मोठे बागायतदार, घराण्यात राजकारण, पण लहानपणी याच शहरातल्या मैदानावर बास्केटबॉल खेळून ढोपरं फोडून घेतलेले. व्यावसायिक बास्केटबॉलची नवी लीग निघाली तेव्हा त्यांनी हौसेनं एक संघ विकत घेतला, त्याला बालाघाट वॉरियर्स असं नाव दिलं आणि सरावाचं शिबिर आपल्याच मुलखात लावलं. अडचण अशी होती की संघात तीन सेंटर आले होते आणि जागा दोनच होत्या. प्रशिक्षकाचं एक म्हणणं, खेळाडू आणणाऱ्या दलालाचं दुसरं.

"ताई, तुमी आयुष्य त्या बास्केटखाली काढलंय," दादा म्हणाले. "तिघांना आठवडाभर बघा आन् मला सांगा कोण ठेवू, कोण घरी धाडू."

वनमालाला आतून उकळ्या फुटल्या. पुरुषांच्या, पगारी संघाबद्दल तिचं मत कुणी विचारेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. शाळा सुटली की ती मैदानावर जायची आणि बाकावर बसून बघत राहायची. वैष्णवीही बरोबर यायची आणि उंच गडी बघून हरखून जायची.

पहिला गुरनूर, पंजाबचा. तिघांत सगळ्यात उंच आणि दिसायला देखणा. शहरातल्या फलकांवर त्याचाच फोटो लागला होता. चेंडू रिंगला लागून उडाला की तो नुसता हात वर करायचा आणि चेंडू हातात यायचा. पण वनमाला हाताकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष पायांकडे. तो प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन अडवत नव्हता, जागा धरत नव्हता, उंचीच्या भरवशावर निवांत उभा असायचा. वर पकडलेला चेंडू तो पुन्हा कमरेपर्यंत खाली आणायचा, आणि तेवढ्यात एखादा बुटका गडी तो काढून न्यायचा. दुसरा जॉबिन, केरळचा. वय झालेलं, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. उडी अशी नव्हतीच. पण तो सारखा बोलत असायचा, कुणाला डावीकडे सरक म्हणायचा, कुणाला मागचा बघ म्हणायचा. पाठीला डोळे असल्यासारखा पास द्यायचा. तो मैदानावर आला की बाकी चौघे आपोआप नीट खेळायला लागत.

तिसरा म्हाळू. तो धारूरकडच्या धनगरवाड्यातला, पोलीस भरतीच्या मैदानावर कुणाच्या तरी नजरेत भरलेला. उंचीनं तिघांत कमी. खेळाचे नियम अजून पुरते अंगात मुरले नव्हते, चार मिनिटांत तीन फाऊल करून बाहेर बसायचा. पण एकदा सांगितलेली चूक तो दुसऱ्या दिवशी करत नसे, आणि हात असे लांब की आपल्यापेक्षा उंच गड्याच्या डोक्यावरून चेंडू थोपवायचा.

त्याचे हात मोजावेत असं वनमालालाच सुचलं. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून त्याला उभं केलं आणि बोटांच्या टोकांशी खडूनं खुणा केल्या. माणसाचे पसरलेले हात साधारण त्याच्या उंचीएवढे भरतात. म्हाळूचे चार बोटं जास्त भरले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग गुरनूरनं हट्ट धरला की मॅडमचेही मोजायचे. ती हसत भिंतीला टेकली, चष्मा सावरून हात पसरले. जॉबिननं खुणा केल्या, टेप लावला, पुन्हा लावला. तिचे हात तिच्या उंचीपेक्षा जवळजवळ वीतभर जास्त होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अशा हातांची सेंटर अजून पाहिली नाही, असं जॉबिन हिंदीतून म्हणाला.

संघाचा डॉक्टर शिवशंकर पलीकडे उभा होता. नांदूरघाटचा मुलगा, इथंच शिकलेला, तिशीतला. त्यानं टाळी वाजवली नाही. तो वनमालाच्या बोटांकडे बघत होता, मग तिच्या चष्म्याकडे. थोड्या वेळानं येऊन त्यानं हळूच सांगितलं की मॅडम, जायच्या आधी जरा मला भेटा.

वनमालाला आधी म्हाळूच आठवला. नक्की म्हाळूच्या तपासणीत काहीतरी निघालं असणार. आत्ता कुठं पोरगा वर येतोय, आणि याच्या आईबापांना आता काय सांगायचं, असा विचार करत ती शिवशंकरच्या खोलीत शिरली. वैष्णवी बाहेर गुरनूरकडून सही घेत होती.

"म्हाळूचं काय निघालं?" तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

"म्हाळू ठणठणीत हाय, मॅडम. तिघंबी ठणठणीत हायत, त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्यात. मला तुमच्याबद्दल बोलायचंय. बसा."

ती बसली. त्यानं तिला अंगठा तळहातात दुमडून वर मूठ वळायला सांगितली. तिनं वळली. अंगठ्याचं टोक करंगळीच्या बाजूनं मुठीच्या बाहेर आलं. मग दुसऱ्या हातानं मनगट धरायला लावलं. अंगठा आणि करंगळी एकमेकांवर चढली आणि वर जागा उरली. हे तर तिला लहानपणापासून येत होतं, पोरींना ती गंमत म्हणून दाखवायची. त्यानं स्टेथोस्कोप लावून बराच वेळ छाती ऐकली. डोळ्यांचा नंबर केव्हापासून, सांधे लहानपणी फार वळायचे का, असं एकेक विचारत गेला. ती हसतच उत्तरं देत होती. ती वीस वर्षं खेळली होती, बाळंतपणानंतर सहा महिन्यांत मैदानावर होती, आजही पोरींबरोबर धावत होती. हा पोरगा उगाच घाबरवतोय असंच तिला वाटत होतं.

"घरात कुणी अचानक गेलंय का? तरुणपणी?"

"माझे वडील," ती म्हणाली. "ऊन लागलं होतं त्यांना. फळीवर मोळी घेऊन चढत होते. पाठीत काहीतरी..."

तिथंच ती थांबली. तीस वर्षं ते वाक्य तिच्या डोक्यात पडून होतं आणि तिनं ते कधी नीट ऐकलंच नव्हतं. ऊन लागलेल्या माणसाच्या पाठीत काही फाटत नाही. बाहेर चेंडू आपटत होता तो आवाज कुठून तरी लांबून येतोय असं वाटलं.

शिवशंकरनं तिला पाणी दिलं आणि सोपं करून सांगितलं. काही माणसांच्या शरीरात मांस आणि हाडं बांधून ठेवणारा धागाच जन्मतः कच्चा असतो. त्यामुळे हाडं लांब वाढतात, हात लांब होतात, डोळ्यातलं भिंग सैल पडतं. तेवढ्यानं काही बिघडत नाही. पण हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी त्याच धाग्याची असते. ती हळूहळू फुगत जाते, दुखत नाही, खुपत नाही, आणि एखाद्या दिवशी जोर लावताना फाटते. याला मार्फन म्हणतात. हे रक्तातून पुढं जातं, आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक लेकराला असण्याची शक्यता निम्मी.

"माझा अंदाज चुकू शकतो," तो म्हणाला. "सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी असते, इको. उद्याच करून घ्या. तवर धावायचं न्हाई, जड उचलायचं न्हाई. तुमाला भाऊ-बहीण?"

"एक भाऊ हाय. हनुमान."

"काय करतो?"

तिनं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. हनुमान त्या वेळी कऱ्हाडच्या पुढं कुठल्या तरी फडात होता, आणि दिवसाला दोन दोन गाड्या भरत होता.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात इको झाला. तपासणाऱ्या बाई सुरुवातीला गप्पा मारत होत्या, त्यांची भाची वनमालाच्या शाळेत होती. मध्येच त्यांचं बोलणं बंद झालं. त्यांनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मोठ्या डॉक्टरांनी तिला पडद्यावर दाखवलं. जी नळी अंगठ्याएवढी असायला हवी, ती लिंबाएवढी फुगली होती. ऑपरेशन करावं लागेल, आणि फार दिवस थांबता येणार नाही. राधाकिशन शेजारी उभा होता. तो एरवी कशालाही काहीतरी गमतीचं बोलायचा. त्या दिवशी त्यानं तिचा चष्मा पुसला, तिच्या डोळ्यांवर ठेवला आणि परत काढून पुन्हा पुसला.

ती स्वतःबद्दल घाबरली असं म्हणता येणार नाही. घाबरायला तिला सवडच मिळाली नाही. तिनं हनुमानला फोन लावला, तो लागेना. संध्याकाळी छबुबाईनं उचलला आणि फोन त्याच्याकडे दिला. तिनं सगळं सांगितलं, बापाला, अण्णांना, ऊन लागलं नव्हतं हेही सांगितलं. तो ऐकून घेतल्यासारखं करत होता.

"अक्का, मला काय धाड भरलीय? आजच दोन गाड्या भरल्या," तो म्हणाला. "तू तुजं बघ. हंगाम संपला की येतो, मंग दाखवू."

फोन ठेवल्यावर ती राधाकिशनला म्हणाली की सकाळच्या गाडीनं निघायचं. शिवशंकरनं आधी नको म्हटलं, मग रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि राधाकिशनला बजावलं की पिशवीसुद्धा हिला उचलू द्यायची नाही.

निघण्याआधी ती मैदानावर गेली. कामाचा शब्द दिला होता, तो तसा टाकून जाणं तिला जमलं नसतं. अमरसिंह दादा सकाळच्या सरावाला आले होते. तिनं उभ्यानंच सांगितलं की जॉबिनला खेळवा आणि म्हाळूला त्याच्या हाताखाली ठेवा. गुडघे आहेत तोवर जॉबिन संघ बांधून देईल, आणि तोवर म्हाळू तयार होईल. गुरनूर चांगला मुलगा आहे, पण उंचीनं त्याला आळशी केलंय, त्याला घरी धाडा. दादांचा चेहरा पडला. फलकांवर फोटो त्याचा होता. दादा आणखी काही विचारत होते, पण तिची नजर मैदानाकडे लागली होती. तिघे उंच गडी घामानं निथळत रिंगखाली एकमेकांना रेटत होते. कालपर्यंत तिला त्यांचे पाय दिसत होते. आज तिघांच्या छात्या वरखाली होताना दिसत होत्या, आणि तिला तिथं उभं राहवेना.

कऱ्हाडच्या पुढच्या त्या फडापर्यंत पोचायला दुपार टळली. ऊस अर्धा तुटला होता, पाचटाचा धुरळा उडत होता. ट्रक भरणं चालू होतं. दुरूनच तिला हनुमान दिसला, कारण बाकीच्यांपेक्षा तो हातभर उंच होता. डोक्यावर मोळी, खाली चुंबळ, दोन्ही लांब हात वर मोळीला धरलेले, आणि तो फळीवर चढायला लागला होता.

तिला हाक मारायची होती, पण तोंड उघडलं आणि मिटलं. हाकेनं दचकला तर? मध्येच थांबला तर? तिनं राधाकिशनचं मनगट घट्ट धरलं. बापाला फळीवर बसताना तिनं पाहिलं नव्हतं, ती तेव्हा वसतिगृहात होती. तरी त्या क्षणी तिला ते डोळ्यांसमोर दिसलं, एकेक पाऊल. हनुमान अर्ध्यावर आला. वर गेला. ट्रकवरच्या माणसानं मोळी ओढून घेतली आणि तो हात झटकत वळला. तेव्हा कुठं त्याला बहीण दिसली.

"माय बरी हाय नव्हं?" त्यानं वरूनच विचारलं.

"बरी हाय. तू हळू उतर. पळू नको."

तो उतरला. तिनं त्याला बांधावर बसवलं आणि काही न सांगता अंगठा मुठीत दाबायला लावला. अंगठ्याचं टोक मुठीबाहेर आलं. शेजारी उभ्या छबुबाईनं आपली मूठ वळून बघितली. तिचा अंगठा आतच राहिला. तिनं दोन-तीनदा वळून बघितली. हनुमान हसत होता, यात काय, सगळ्यांना येत असेल म्हणत होता. छबुबाई हसली नाही. तिनं पुढं होऊन त्याच्या डोक्यावरची चुंबळ काढून घेतली आणि आपल्या कमरेला खोवली.

मुकादम तावातावानं आला. हंगामाच्या मध्यात गडी कसा सोडायचा, त्याचा कोयता कुणी चालवायचा. म्हातारा माणूस होता. वनमालानं त्याला ओळखलं नाही, पण त्यानं तिला ओळखलं, तिच्या उंचीवरून. त्यानं विचारलं की तू उंटाची पोर का. ती हो म्हणाली. अण्णांना काय झालं होतं ते तिनं सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं तसंच. त्यानं ट्रकच्या फळीकडे बघितलं.

"त्या दिवशी उंटाला दवाखान्यात नेणारी गाडी मीच चालवत होतो," तो म्हणाला. "न्या त्याला."

तिथून सरळ पुण्याला नेलं. हनुमान वाटेत सगळा वेळ कुरकुरत होता, आपण कशाला येड्यावाणी निघालो म्हणत होता. पुण्याच्या डॉक्टरनं तपासून झाल्यावर त्याला खाटेवरून उठूच दिलं नाही. कशानं आलात असं विचारलं. गाडीनं आलो आणि थांब्यापासून चालत आलो, हे ऐकून डॉक्टरनं राधाकिशनकडे पाहिलं. बहिणीच्या मानानं भावाची नळी कितीतरी जास्त फुगली होती, आणि एका बाजूनं तिच्या आतल्या पदराला चीर पडायला सुरुवात झाली होती. हनुमानचा चेहरा मातीसारखा झाला. आदल्या आठवड्यात पाठीत एकदा चमक आली होती, असं तो तेव्हा पहिल्यांदा बोलला. मोळीनं भरली असेल म्हणून त्यानं बाम लावला होता.

दुसऱ्या दिवशीच त्याचं ऑपरेशन झालं. सरकारी योजनेतून झालं, म्हणून निभावलं. फुगलेली नळी काढून तिथं कापडी नळी बसवली आणि हृदयाची झडपही बदलून धातूची बसवली. छबुबाई बाहेर कोयत्यानं घट्टे पडलेले हात मांडीवर ठेवून बसली होती. डॉक्टर बाहेर येऊन वाचला म्हणाले, तेव्हा ती रडली नाही. कुठल्या बाजूला जाऊन चूळ भरू, एवढंच तिनं विचारलं. सकाळपासून तिनं तोंडात पाणीही घेतलं नव्हतं.

मधल्या दिवसांत वैष्णवीची तपासणी झाली. वनमाला देवाचं नाव घेत बाहेर उभी होती. राधाकिशन बुटका आहे, पोर कदाचित त्याच्यावर गेली असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. पण वैष्णवीलाही होतं. नळी अजून फारशी वाढलेली नव्हती. गोळ्या घ्यायच्या, दर वर्षी तपासायचं, आणि सामने खेळायचे नाहीत. चालणं, पोहणं चालेल, धसमुसळं काही नको.

घरी आल्यावर बूट काढता काढता पोर म्हणाली,

"मम्मी, तू त्या तिघांतला एक काढायला गेलतीस. आन् मला काढून आलीस."

पोरींना रडू येईस्तोवर पळवणारी बाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. वैष्णवीनं शाळेच्या संघाची जर्सी परत दिली नाही. शाळेनं दोनदा मागितली, तरी दिली नाही. वनमालानं पदरचे पैसे भरून शाळेला दुसरी आणून दिली.

गीताबाई शिरूरहून आली तेव्हा वनमालाचंही तसंच, नळी आणि झडप बदलायचं ऑपरेशन होऊन ती घरी आली होती, आणि हनुमानही तिच्याकडेच मुक्कामाला होता. म्हातारीला सगळं समजावून सांगितलं. धागा, नळी, रक्तातून पुढं जाणं, हे तिला किती कळलं कोण जाणे. तिनं दोन्ही लेकरांचे हात आपल्या मांडीवर ओढून घेतले. लांब बोटं एकेक करून बघितली. मग वैष्णवीचा हात घेतला.

"हेच हात बघून मी त्याला हो म्हणले होते," ती म्हणाली. "सगळ्या पोरी म्हणायच्या, असा गडी न्हाई." आणि पदर तोंडाला लावून बसली.

लीगचे सामने सुरू झाले. अमरसिंह दादांनी मनाविरुद्ध का होईना, वनमालाचं ऐकलं आणि गुरनूरला मोकळं केलं. जॉबिननं संघ बांधला, म्हाळूनं दोन सामने ओढून काढले. पण गुरनूरला लगेच दुसऱ्या संघानं उचललं, आणि तो बालाघाटविरुद्ध उतरला तेव्हा त्यानं म्हाळूला पार धुऊन काढलं. चेंडू एकदाही कमरेखाली आणला नाही. वनमाला मोबाइलवर सामना बघत होती. तोंडात बोट घालून बसली. हा पोरगा आळशी नव्हता, त्याला कुणीतरी डिवचायला हवं होतं, हे तिला तेव्हाच दिसायला हवं होतं. दादांचा फोन आला तेव्हा तिनं चूक कबूल केली. दादा म्हणाले की चालायचंच, पुढच्या वर्षी पुन्हा बघायला या. ती बघू म्हणाली.

आता ती शाळेत खुर्चीवर बसून शिकवते. धावायची जागा आली की एखाद्या मोठ्या मुलीला पुढं करते. हनुमान ऊसतोडीला जात नाही. त्यानं शिरूरलाच किराणा आणि चहाचं छोटं दुकान टाकलंय, छबुबाईच ते खरं तर चालवते. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि तपासणीसाठी तो महिन्यातून एकदा अंबाजोगाईला बहिणीकडे येतो.

अशाच एका रविवारी दुपारी जेवणाआधी वनमाला आणि गाडीवरून नुकताच चालत आलेला हनुमान ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. पंखा बंद होता, लाइट गेली होती. वैष्णवी उंबऱ्यात बसून पुस्तक वाचत होती. महिनोन्‌महिने ती मोठ्यांशी कामापुरतंच बोलत आली होती. तिनं मान वर केली आणि कान दिला. दोघांच्या छातीत बसवलेल्या धातूच्या झडपा वाजत होत्या, बारीक, घड्याळासारख्या. शांततेत स्पष्ट ऐकू येत होत्या. दोघांना त्याची इतकी सवय झाली होती की ती काय ऐकतेय हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

वैष्णवी उठून आली आणि दोघांच्या मधोमध बसली. एकदा आईच्या छातीला कान लावला, एकदा मामाच्या.

"मामा, तुजं लई पळतंय," ती म्हणाली. "आधी दम खा, मंग जेवायला उठ."